तौवूंनी नेलेलं गाणं

दुपारी अडीचला आमचं वातुलोआ बंदर झोपतं. धक्क्यावरचे हमाल खोबऱ्याच्या पोत्यांना टेकून डोळे मिटतात, टपाल कचेरीची खिडकी अर्धी खाली येते, फुलझरीच्या दुकानातला पंखासुद्धा दमल्यासारखा फिरतो. पाणी इतकं निवांत होतं की प्रवाळाच्या भिंतीपलीकडचा मोठा समुद्र घोरताना ऐकू येतो. माझी आई म्हणायची, या वेळेला जुनं बंदर वर येतं. बुडालेली जहाजं, गेलेले खलाशी, मोडलेल्या वखारी, सगळं पाण्याच्या वरच्या कातडीपर्यंत येतं आणि श्वास घेऊन परत खाली जातं. डोळे किलकिले केले तर दिसतं. लहानपणी मी पुष्कळ किलकिले केले. शपथेवर सांगणार नाही, पण शिडांसारखं काहीतरी पांढरं हलताना मी पाहिलं आहे.

हे सगळं आमच्या गाण्यात आहे. आमच्या बंदराची बखर कागदावर नाही. जकातघर जळालं तेव्हा वह्या, नकाशे, जहाजांच्या नोंदी, सगळं त्यात गेलं. राहिलं ते बायकांच्या गळ्यात. चर्चमध्ये आम्ही म्हाताऱ्या चटईवर मांडी घालून बसतो, माना खाली, केसांना खोबरेल. पाद्री प्रवचन बोलतो. आम्ही प्रवचन गातो. एक बाई एकटी सूर उचलते, दुसरी त्याच्यावर उंच चढते, आणि बाकीच्या खालून खर्ज लावतात, तो असा गडगडत येतो की पायाखालची फळी थरथरते. स्तोत्रं गातो, उत्पत्तीची कथा गातो, आणि सगळ्यात शेवटी, आमेनच्या आधी, बंदराचं गाणं. कारण देवाने समुद्र आणि कोरडी जमीन केली, आणि मग, आमच्या समजुतीप्रमाणे, लगेच वातुलोआ केलं.

पहिलं कडवं डोंगरावरच्या दोन पांढऱ्या दगडांचं. बाहेरून येणाऱ्या गलबताने ते दोन दगड एकामागे एक धरले की प्रवाळातली वाट नेमकी समोर येते. वरचा दगड जरासा डावीकडे दिसला तरी खाली खडक. मग चंदन न्यायला आलेली जहाजं. मग देवमाशाचं तेल कढवायच्या कढया. त्यांतल्या दोन अजून बँकेपुढे आहेत, त्यांत आता जास्वंद लावलीय. मग गोवर. एका जहाजातून गोवर उतरला आणि चाळीस दिवस लाकडी नगारा वाजला नाही, कारण वाजवायला उभा राहील असं कुणी नव्हतं. मग शिंपल्यांची बटणं पाडणारा कारखाना. मग तांब्याच्या तळाचं ते जहाज, जे शांत हवेत, भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत बुडालं; त्याचा पत्रा आमच्या बाप्तिस्म्याच्या कुंडावर झाकण म्हणून आहे. शेवटी शेवटची आगबोट. पुढे मोठी जहाजं राजधानीला, सुव्यालाच जायला लागली. गाणं तिथे थांबतं.

ते उचलणारी बाई मी. माझ्या आधी आई, तिच्या आधी तिची आत्या. एकतीस वर्षं मी ते उचललं.

आता तौवूंचं सांगायला हवं. नुकुवुला म्हणून बेट आहे, आमच्यापासून मालवाहू बोटीने पाच तास. त्यांचा मूळपुरुष आणि आमचा मूळपुरुष सख्खे भाऊ. म्हणून ते आमचे तौवू आणि आम्ही त्यांचे. तौवूने तौवूला वाटेल ते बोलावं, घरात शिरून हवं ते उचलून न्यावं, आणि ज्याचं नेलं त्याने हसावं. रागावला तो हरला. नुसता हरला नाही, नात्यातून उठला. म्हणून नुकुवुलाची बोट दिसली की वातुलोआत एकच धांदल उडते. कोंबड्या फुलझरीच्या परसात जातात, कारण ती हिंदुस्थानी, तिच्या घरातलं तौवूंना नेता येत नाही. नव्या चटया माळ्यावर, रविवारचे कपडे पलंगाखाली, चांगले टोप विहिरीमागे.

गेल्या मे महिन्यात बायकांचा मेळा आमच्याकडे होता. नुकुवुलाच्या चौदाजणी आल्या. सगळ्यांत पुढे तोरिका, माझ्याच वयाची, दाराएवढी रुंद. धक्क्यावर पाय ठेवायच्या आधीच तिचं सुरू झालं.

"काय गं आसिनाते, अजून आहेस? मला वाटलं, तुझ्या आवाजाला कंटाळून देवाने तुला वर बोलावून घेतलं असेल."

"बोलावलं होतं. पण तिथे आधीच तुमच्या बेटावरच्या दोघी-तिघी बेसूर गात बसल्या होत्या. परत आले."

सगळ्या खिदळल्या. तोरिकाही हसली, पण किंचित उशिरा. माझ्या ते लक्षात आलं आणि मी सोडून दिलं. जिंकल्याची धुंदी असते ना माणसाला.

"तोरा बघा, काय तोरा आहे या गावाला!" ती धक्क्यावर चढून आली. "रंग उडालेली चार दुकानं आणि दोन गंजक्या कढया. इथून न्यायचं तरी काय?"

"न्यावंसं काही सापडलं तर खुशाल ने," मी म्हटलं. "चौदाजणींत एक तरी डोळस असेल."

तीन संध्याकाळी आम्ही गायलो. तिन्ही वेळा तोरिका अगदी पुढ्यात बसली, फोन मांडीवर पालथा ठेवून. मला वाटलं, झोप येऊ नये म्हणून पुढे बसते. निरोपाच्या रविवारी यांगोनाचं, त्या कडसर मुळीच्या पेयाचं, भांडं मध्ये आलं, टाळ्या झाल्या, वाटी फिरली, आणि तोरिका उठून उभी राहिली.

"वातुलोआच्या बायांनो, तुमच्या कोंबड्या शोधल्या, नाही सापडल्या. टोप शोधले, नाही सापडले. चांगलं लपवता हं, शाबास. पण एक गोष्ट तुम्ही उघड्यावर ठेवलीत. तुमचं बंदराचं गाणं. ते मला सापडलं. ते मी नेते."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सगळं सभागृह हसायला लागलं, पोटं धरून, चटईवर थापा मारून. आमच्याच बायका सगळ्यांत जास्त. चारशे कोंबड्या लपवणाऱ्या आम्ही, गाणं लपवायचं कुणाला सुचणार? मीसुद्धा हसले. हसावंच लागतं. हसता हसता मला पक्कं कळत होतं की आता ते आमचं नाही. तौवूने साक्षीदारांसमोर 'नेते' म्हटलं की गेलं. नेलेलं भांडं जसं आपण पुन्हा चुलीवर ठेवू शकत नाही, तसं ते तोंडात ठेवता येणार नाही.

आणि ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चला दीडशे वर्षं होत होती.

पाद्री केलेपी तरुण आहे, तीस-बत्तिशीचा, मोठा उत्साही. सुव्याहून, सिडनीहून, ऑकलंडहून वातुलोआची माणसं परत येणार होती. काहींची नातवंडं बंदर पहिल्यांदाच पाहणार होती. त्यांना दाखवायला कढया होत्या, दगड होते, कुंडावरचं झाकण होतं. पण कढई स्वतःहून काही बोलत नाही. ती बोलते ती गाण्यात.

"काकी, गाऊन टाका," केलेपी म्हणाला. "नुकुवुला पाच तासांवर आहे. तिथे ऐकू जाणार आहे का?"

"देवाला ऐकू जातं, पाद्रीबाबा."

"देवाचं मी बघतो."

"तुम्ही बघाल हो. पण माझ्या तोंडातून चोरीचं गाणं निघेल, ते कोण बघणार? स्वतःचंच चोरलेलं."

फुलझरीने दुकानातून सगळं ऐकलं होतं. दुपारी मी तिच्या बाकावर बसले तेव्हा तिने माझ्यापुढे पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी ठेवली. "आसिनाते, अडतीस वर्षं मी तुमच्या कोंबड्या सांभाळते," ती म्हणाली. "एवढं कळलंय की नुकुवुलाच्या बायका नेतात तशा तुम्हीही नेता. मग जा की. तू पण म्हण, नेते. आपलंच परत आण."

इतकी सोपी गोष्ट! मला स्वतःला सुचली नव्हती. तौवूकडचं काहीही नेता येतं. गाणं आता त्यांचं. म्हणजे तेही नेता येतं. शुक्रवारच्या बोटीत मी चढले. डेकवर पिठाची पोती होती, त्यांवर पडून राहिले. वाटभर समुद्र तेलासारखा गुळगुळीत. डोळे मिटले की गाणं आपोआप वर यायचं, आणि मी ओठ दाबून धरायची. आपल्याच आईचं नाव घ्यायची बंदी झाल्यासारखं वाटत होतं. दोन-तीनदा डुलकी लागली. एकदा स्वप्नात ती तांब्याच्या तळाची बोट आमच्या बोटीखालून, उलटी, आम्हाला सोबत करत चालली होती, आणि तिच्यावरच्या खलाशांनी तोंडावर बोट ठेवलं होतं.

नुकुवुलाला उतरले तेव्हा किनाऱ्यावर पाच-सहा माणसं होती. कुणी मला शिवी दिली नाही. कुणी विचारलं नाही की तुझ्या वजनाने बोट बुडाली कशी नाही. एका पोराने माझी टोपली घेतली आणि "या" म्हणाला. तौवू गप्प झाला की घर चुकलं असं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांची छपरं उडाली हे आम्हाला ठाऊक होतं. आम्ही पत्रे पाठवले होते, अरवीचे कंद पाठवले होते. छपरांखालचं काय उडालं, ते आम्ही विचारलं नव्हतं. अर्ध्या घरांना नुसते चौथरे राहिले होते. चर्चवर निळी ताडपत्री. घंटा समुद्रात गेली म्हणून झाडाला रिकामा गॅसचा सिलिंडर टांगलेला.

तोरिका विहिरीवर होती. मला पाहून तिने बादली खाली ठेवली. "आलीस," एवढंच म्हणाली. मग सवयीने, "वाटेत माशांनी खाल्लं नाही का तुला?"

"चव घेतली आणि थुंकलं," मी म्हटलं. दोघींनाही हसू आलं नाही.

सूर्य बुडायच्या आधी सिलिंडर वाजला. ताडपत्रीखाली अकराजणी बसल्या. मी मागे, पाहुण्यांच्या जागी. त्यांच्या पाद्र्याने प्रार्थना म्हटली आणि मग तोरिकाने उचललं. आमच्या डोंगरावरचे दोन पांढरे दगड तिने त्या उजाड बेटावर, त्या निळ्या उजेडात, एकामागे एक उभे केले.

ती काही उचलणारी बाई नव्हे. आयुष्यभर खर्जात बसलेली. आवाज वर जाताना चिरत होता. एका जागी शब्द अडला, तर तिने मांडीखालचा फोन कानाला लावून ऐकला आणि पुढे निघाली. माझाच आवाज तो, तिच्या फुटक्या फोनमधला. दोघी तरुण मुली तिचं तोंड बघून चुकत-माकत साथ करत होत्या. गोवराच्या कडव्याला त्यांच्यातली एक रडत होती. मी आडवी नजर टाकली. पुढ्यातल्या चार-पाच जणीही डोळे पुसत होत्या.

जेवताना, नारळाच्या दुधातला मासा पुढे ठेवून, तोरिका सांगायला लागली. माझ्याकडे न बघता, जसं काही माशालाच सांगत होती.

"आमच्या तिघी होत्या ना, उचलणाऱ्या. वादळानंतर त्यांचे मुलगे येऊन त्यांना सुव्याला घेऊन गेले. एवढ्याशा खोल्या, जिन्यावरचं घर. एक तिथेच इस्पितळात वारली. दुसरी चार महिन्यांनी. तिसरीला आता स्वतःचं नाव आठवत नाही. आमची जुनी गाणी त्यांच्या गळ्यात होती, आम्ही नुसत्या खालून गडगडत होतो. वर कुणी नसेल तर खालचा गडगडाट कशाला धरून राहील? दोन वर्षं आम्ही नुसतं वाचत होतो, आसिनाते. शाळेतल्या पोरांसारखं, पुस्तकातून. गाणं नाही."

धक्क्यावर मी म्हटलेलं वाक्य आठवलं. वरच्या बेसूर दोघी-तिघी.

"मग मागायचं होतंस," मी म्हटलं. "मागणं घालायच्या रीतीने व्हेलचा दात घेऊन आली असतीस, आम्ही का नाही म्हटलं असतं?"

"व्हेलचा दात!" आता तिने वर पाहिलं. "घरावर छप्पर नाही आणि म्हणे दात. आणि मागितलं असतं तर तुम्ही दया करून दिलं असतं. दयेचं गाणं गायला नको होतं मला. चोरलेलं बरं. चोरलेल्याला चव असते."

रात्री तिने मला आपल्या चटईवर झोपवलं आणि स्वतः फळीवर झोपली.

सकाळी बोट लागली तेव्हा सगळ्या अकराजणी वाळूवर आल्या. मी कशाला आले होते हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. तौवू दुसऱ्या कशाला येणार? तोरिका माझ्यासमोर उभी राहिली.

"बोल आता," ती म्हणाली. "दाढेखाली धरून ठेवलंयस ना कालपासून? साक्षीदार आहेत. म्हण."

खरंच दाढेखाली होतं. 'नेते' एवढाच शब्द. मला ऑगस्टचा रविवार दिसत होता, सिडनीहून आलेली पोरं, केलेपीचा चेहरा, आणि आई, जिने मरताना माझ्या गळ्यावर हात ठेवला होता, कपाळावर नाही. मग मी त्या मुलीकडे पाहिलं जी गोवराला रडली होती. वाळूवर बसल्या बसल्या ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. कोणतं कडवं ते तिच्या ओठांवरून मला वाचता आलं.

"नेते," मी मोठ्याने म्हटलं. तोरिकाचा चेहरा दगडासारखा झाला. "काल ज्या चटईवर झोपले ना, ती चटई नेते."

"काय?"

"बहिरी झालीस का? चटई. गुंडाळून आण. आणि ढेकूण झटकून दे."

"अगं, एकच आहे ती माझी! वादळातून वाचलेली! सटवे, मी झोपू कशावर?"

"वाळू आहे की. बेटभर."

आधी एकजण फिसकन हसली. मग दुसरी. मग त्या सगळ्या वाळूवर बसून, एकमेकींच्या पाठी बडवत हसायला लागल्या, आणि तोरिका मला शिव्या घालत चटई आणायला पळाली. बोट सुटेपर्यंत त्यांनी माझ्या चालीला, नाकाला, वातुलोआतल्या झाडून सगळ्या पुरुषांना नावं ठेवली. कान तृप्त झाले.

घरी आल्यावर मी केलेपीला सांगितलं, आपल्याकडे गाणं नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कार्यक्रमाच्या छापील कागदावर आमेनच्या आधीची ओळ त्याने कोरी सोडली. फुलझरी म्हणाली, "कोंबडी आणायला पाठवलं तर ही पिंजरा देऊन आली." पण नंतर माझ्या हातात गूळ ठेवला.

ऑगस्टचा रविवार उजाडला. चर्च भरून माणसं दाराबाहेर, पायऱ्यांवर, कढयांपर्यंत. परदेशातून आलेल्या मुलांच्या गळ्यात कॅमेरे. नुकुवुलाच्या लोकांना बोलावणं होतंच. ते पहाटेच्या बोटीने आले, इकडून तिकडून उसन्या आणलेल्या पांढऱ्या कपड्यांत. प्रार्थना झाली, धडे झाले, केलेपीचं प्रवचन झालं. मग ती कोरी ओळ आली. केलेपी कागदाकडे बघत उभा राहिला. आमच्या बायका माना खाली घालून बसल्या होत्या, तोंडं मिटून, जशी त्या गोवराच्या दिवसांत लोकं बसली असतील.

तोरिका उठली. आमच्या पुढून चालत गेली आणि उचलणारीच्या जागेवर, माझ्या जागेवर, बसली. तिच्या मागे बाकीच्या दहाजणी. पाहुण्यांनी यजमानाला गाणं नजर करायचं, यात नवं काही नाही. आपल्याकडचं जे सर्वांत चांगलं असेल तेच ते आणतात.

तिने उचललं. आवाज अजून चिरत होता, पण तीन महिन्यांत त्या चिरेला पीळ बसला होता. वर गोवराला रडलेल्या त्या मुलीचा आवाज चढला, पातळ, सरळ. खालून गडगडाट आला.

एकतीस वर्षं मी ते गाणं गायले, आणि एकदाही ऐकलं नव्हतं. उचलणारीला ऐकता कुठे येतं? तिला पुढचा शब्द धरायचा असतो, श्वास वाचवायचा असतो. माझ्या तोंडात ते नेहमी किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहणारं गाणं होतं: जहाजं येतात, जहाजं जातात. पण या बायका समुद्रावरून आल्या होत्या. त्यांच्या गळ्यातून वातुलोआ समोरून यायला लागलं. लांबून, धुक्यातून, आधी डोंगर, मग दोन पांढरे ठिपके, एकमेकांपासून दूर. मग जवळ. मग एकामागे एक. आणि प्रवाळातली वाट उघडली. बोटीने परतले तेव्हा मी घरी परतले होते, बाहेरून माझ्या गावात कधी आले नव्हते. आता येत होते, शिडाच्या बोटीत, चंदन न्यायला आलेल्या कुणा परक्यासारखी; आणि पाहत होते की हे केवढं सुंदर आहे, आणि इथे उतरायची केवढी भीती वाटते, आणि उतरल्याशिवाय राहवत नाही.

माझे ओठ हलायला लागले. सवय हो. आवाज फुटणार एवढ्यात तोरिकाने एक डोळा उघडला आणि माझ्याकडे असं काही वटारून पाहिलं की शेजारची मुलं दचकली.

मी तोंड मिटलं. मांडीवर हात ठेवले. गाणं तांब्याच्या तळाच्या जहाजापाशी आलं होतं. बाहेर शांत हवा होती, दुपार होत आली होती, आणि सगळं गाव बघत होतं.